नाताळचे ताट आणि फेब्रुवारीतला रविवार

वसई तालुक्यात वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरला वर्षातून दोनदा दिवाळी अनुभवायला मिळते. पहिली आश्विनातली आणि दुसरी डिसेंबरातली. दुसऱ्या दिवाळीत अंगणात कंदिलाच्या जागी कागदाची चांदणी लागते, ओसरीच्या कोपऱ्यात भाताच्या पेंढ्याने शाकारलेला बाळ येशूचा गोठा उभा राहतो आणि स्वयंपाकघरातून येणारा तळणीचा वास मात्र अगदी ओळखीचा असतो. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांच्या ‘नाताल’वरून आपल्याकडे आला. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे वसई त्यांच्या ताब्यात होती, त्या काळाची ती खूण. परंतु नाताळच्या ताटातली करंजी इथलीच, तिची मुरड इथलीच, आणि भरलेले ताट रुमालाने झाकून शेजारी पोहोचवण्याची रीतही इथलीच. दिवाळीत हिंदू घरातून ख्रिस्ती घरात फराळ जातो, नाताळात त्याच ताटातून परतफेड येते. ताट रिकामे परत करायचे नसते, हा नियम दोन्हीकडे सारखाच पाळला जातो.

या ताटाविषयी मी एकदा चुकलो होतो. ती चूक आपल्याला सांगावी आणि तिच्यातून जे शिकलो तेही सांगावे, म्हणून हा लेख. ज्या कुटुंबाची ही हकिकत आहे त्यांची अनुमती घेऊनच लिहीत आहे. नावे अर्थातच दिलेली नाहीत.

साखर उतरली, पण...

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बहात्तर वर्षांच्या एक आजी आपल्या सुनेबरोबर दवाखान्यात आल्या. मधुमेह पंधरा वर्षांचा. त्या वेळी त्यांचे एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, दहाच्या वर गेली होती. पायांना मुंग्या येत होत्या. डिसेंबर तोंडावर आला होता, आणि आजींच्या घरी नाताळचा फराळ किती मोठ्या प्रमाणावर होतो हे मला ठाऊक होते. कारण दरवर्षी एक ताट माझ्याही घरी येत असे. मी कडक स्वरात सांगितले, “आजी, यंदा करंज्या नाहीत, कलकल नाहीत, केक नाही. साखरेची पिशवी घरातच आणू नका.” सुनेलाही बजावले. घरच्यांनी माझे म्हणणे तंतोतंत पाळले. त्या वर्षी शेजारी वाटायला बेकरीतून खोके आणले गेले.

जानेवारीत आजी पुन्हा आल्या. साखर बरीच खाली आली होती. अहवाल पाहून मी खूश झालो आणि तसे बोलूनही दाखवले. आजी काहीच बोलल्या नाहीत. सून मात्र घुटमळली. म्हणाली, “डॉक्टर, साखर उतरली ते बरंच झालं. पण आई आता बसूनच असतात. रात्री झोपत नाहीत. जेवणावरचं मनच उडालंय त्यांचं.”

वजन पाहिले तर साडेतीन किलोंनी घटले होते. साखर उतरण्यामागे माझ्या पथ्याचा वाटा किती आणि आजींच्या सुटलेल्या जेवणाचा वाटा किती, हा प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता, तो तेव्हा प्रथम विचारला. वृद्धांमधील नैराश्य पुष्कळदा रडण्यातून दिसत नाही. ते न जेवण्यातून, न झोपण्यातून आणि न बोलण्यातून दिसते. मी खुर्ची जवळ ओढून आजींना विचारले, “काय होतंय?” बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “चाळीस वर्षं बारा घरांत माझं ताट जात होतं. यंदा खोकं गेलं. मला कुणी काही विचारायलाही आलं नाही.”

वाचकहो, मी त्यांना साखर खाऊ नका असे सांगायला हवे होते. प्रत्यक्षात मी त्यांना ‘करू नका’ असे सांगून बसलो होतो. खाणे आणि करणे यांतला फरक माझ्या लक्षात आला नव्हता. वैधव्यानंतर, गुडघे दुखू लागल्यानंतर, मुलाचा संसार सुनेच्या हाती गेल्यानंतर त्या बाईंकडे वर्षभरात एकच काम असे उरले होते की जे त्यांच्यावाचून अडत होते. ते मी एका वाक्यात काढून घेतले होते.

उपचार सुरू केले, औषधांची मात्रा बदलली, आणि पुढच्या नाताळची आखणी करायला आम्ही सगळे मिळून बसलो.

चार रविवारांचे नियोजन

नाताळपूर्वीच्या चार रविवारांना ख्रिस्ती परंपरेत आगमनकाळाचे रविवार म्हणतात. दर रविवारी एक याप्रमाणे चार मेणबत्त्या पेटवल्या जातात. या कुटुंबाने हे चार रविवारच कामासाठी वाटून घेतले, आणि ती पद्धत आजही चालू आहे. कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही सणाच्या घरी ती उचलता येईल म्हणून थोडी सविस्तर सांगतो.

पहिल्या रविवारी यादी होते. आजी पाटावर बसून बारा घरे सांगतात आणि बारा वर्षांची नात वहीत लिहून घेते. प्रत्येक घरापुढे दोन रकाने असतात : घरात कोण आहे, आणि कोणाला काय चालत नाही. नातीला त्या घरांचा इतिहास यानिमित्ताने कळतो. कोणाच्या घरी यंदा मृत्यू झाला, कोणाची मुलगी बाळंत झाली, कोण नुकतेच इस्पितळातून आले, हे सगळे त्या वहीत येते.

दुसऱ्या रविवारी हातकाम. जुन्या सुती लुगड्यांच्या पिशव्या, लोकरीचे मोजे, सुंठ-मिरे-वेलचीचा घरचा चहा मसाला, मुलांनी स्वतः रंगवलेली शुभेच्छापत्रे. बाजारातून येणाऱ्या वस्तूंवर या घराने बंदी घातलेली नाही. परंतु प्रत्येक भेटीत निदान एक गोष्ट कोणाच्या तरी हातची असावी, असा दंडक आहे.

तिसऱ्या रविवारी कलकल. ज्यांनी ते पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो : मैदा, थोडा रवा आणि नारळाचे दूध घालून मळलेल्या पिठाची लहानशी गोळी तेलाचा हात लावलेल्या काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या, स्वच्छ धुतलेल्या कंगव्यावर दाबून गुंडाळायची, म्हणजे तिला शंखासारख्या रेघा उमटतात. हे एकट्याने करायचे काम नव्हेच. सारे घर गोल बसते. आजींच्या संधिवाताने आखडलेल्या बोटांनाही ते जमते आणि सहा वर्षांच्या नातवालाही. आजी आता चव पाहत नाहीत. ते पद नातवाकडे गेले आहे. त्या बोटाने दाबून पिठाची नरमाई सांगतात, तळणीच्या आवाजावरून तेल किती तापले ते सांगतात. प्रमाण पूर्वीच्या निम्मे केले आहे. बारा घरे मात्र बाराच राहिली.

चौथ्या रविवारी करंज्या होतात आणि ताटे निघतात. ओल्या नारळाचे सारण फार टिकत नाही, म्हणून ते शेवटी. सुक्या खोबऱ्याचे सारण आणि कलकल हवाबंद डब्यात चांगले राहतात.

या चौथ्या रविवारी आणखी एक काळजी घ्यावी. सणाच्या दिवसांत माझ्याकडे भाजलेली मुले येतात, आणि बहुतेकदा कारण एकच असते : जमिनीवर ठेवलेली स्टोव्ह-शेगडी आणि जवळून धावणारे मूल. कढई ओट्यावरच ठेवावी, तिचा कान भिंतीकडे असावा आणि तळणीच्या वेळी मुलांना दुसऱ्या खोलीत काम द्यावे. भाजलेच तर तो भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, तूप यांपैकी काहीही लावू नये. स्वच्छ कपड्याने सैलसर झाकून डॉक्टर गाठावा. तळून उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवून वापरू नये.

देण्यापूर्वी दुसरा रकाना वाचा

नातीच्या वहीतला दुसरा रकाना, ‘काय चालत नाही’, हा माझ्या मते त्या संपूर्ण नाताळातला सर्वांत प्रेमळ भाग आहे. भेट देताना आपण बहुधा आपल्या हौसेचा विचार करतो, घेणाऱ्याच्या प्रकृतीचा करत नाही. काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

मधुमेही व्यक्तीसाठी साखरेऐवजी गूळ, मध किंवा खजूर वापरला म्हणजे पदार्थ निर्धोक झाला, ही समजूत चुकीची आहे. या सर्वांनी रक्तातील साखर वाढतेच. ‘शुगर फ्री’ लिहिलेल्या केकमध्येही मैदा असतो, हे विसरू नये. अशा घरी भाजलेले चणे, खारवलेले नसलेले दाणे किंवा बदाम, चहा मसाला, अथवा न खाण्याची एखादी वस्तू द्यावी. उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्या घरी चकली, शेव, लोणचे यांतील मिठाचा विचार करावा. प्रौढ माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे साधारण एका चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

आमच्या वसईची सुकेळी, म्हणजे राजेळी केळी वाळवून केलेला मेवा, ही भेट म्हणून मला फार आवडते. परंतु मूत्रपिंडाचा विकार बळावलेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या व्यक्तीला ती देऊ नये. केळी, सुका मेवा, नारळपाणी यांत पोटॅशियम भरपूर असते. निकामी होत चाललेले मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होऊ शकतो. ‘फळच तर आहे’ म्हणून दिलेली भेट अशा घरी अपायकारक ठरते.

एक वर्षाखालील बाळाला मध चाटवू नये. पाच वर्षांखालील मुलांच्या हाती अख्खे दाणे, काजू, बदाम देऊ नयेत. ते श्वासनलिकेत अडकतात. ज्या घरात कोणी दारू सोडण्याचा प्रयत्न करत असेल तिथे रममध्ये मुरवलेल्या मेव्याचा केक नेऊ नये. भाजताना सगळा मद्यांश उडून जातो असे मानले जाते, ते खरे नाही. या कुटुंबाने आता मेवा संत्र्याच्या रसात दोन दिवस शीतकपाटात भिजवायला सुरुवात केली आहे, आणि केक पहिल्यापेक्षा कोणत्याही अर्थाने कमी झालेला नाही, हे मी खाऊन सांगतो.

आणखी एक सूचना मध्यरात्रीच्या मिस्सेला जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी. इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी ‘नंतर गोड खायचे आहे’ म्हणून रात्रीचे जेवण टाळू नये. औषध घेतले आणि जेवण लांबले तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे घरातील सर्वांना माहीत असावीत आणि खिशात ग्लुकोज असावे.

वृद्धाश्रमातला धडा

आजींच्या घरची दुसरी परंपरा तशी नवी आहे. तीन वर्षांपूर्वी नातीने विचारले की बारा घरांना आपण देतो, तीही आपल्याला देतात. मग ज्यांच्याकडून काही येणार नाही अशांना आपण काय देतो? प्रश्न अवघड होता. त्या वर्षी सारे कुटुंब जवळच्या एका वृद्धाश्रमात गेले. सोबत करंज्या आणि केकचे तीस खोके होते.

तिथल्या व्यवस्थापिका बाईंनी खोके नम्रपणे बाजूला ठेवून घेतले. त्यांच्या तीस रहिवाशांपैकी अकरा जण मधुमेही होते, आणि कपाटात इतर मंडळींनी आणलेले केक आधीच रचून ठेवलेले होते. बाई म्हणाल्या, “राग मानू नका, पण डिसेंबरात आमच्याकडे केक खूप होतो. फेब्रुवारीत कोणी येत नाही.”

परतताना मोटारीत कोणी बोलत नव्हते, असे सुनेने मला सांगितले. आपला हिरमोड झाला याचे दुःख किती आणि बाईंचे म्हणणे खरे होते याची टोचणी किती, हे वेगळे काढणे कठीण होते. अखेर आजीच म्हणाल्या, “मग फेब्रुवारीत जाऊ.”

तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी हे कुटुंब तिथे जाते. जाण्यापूर्वी फोन करून काय हवे ते विचारते. उत्तरे ऐकण्यासारखी असतात : नखे कापून देणारे कोणी हवे, चष्म्याची काडी तुटली आहे, थंडीने टाचा फुटल्या आहेत तर व्हॅसलीन हवे, पुतण्याला पत्र लिहून हवे, कॅरमला चौथा भिडू हवा. चौदा वर्षांचा मोठा नातू, जो घरी मोबाइलमधून मान वर करत नाही, तो तिथे कॅरमचा चौथा भिडू असतो. आजी त्यांच्याच वयाच्या बायकांशी गप्पा मारत बसतात. आजींना कोणी ‘सेवा करणाऱ्या’ म्हटले तर त्या हसतात. “मी माझ्या मैत्रिणींकडे जाते,” म्हणतात.

अशा ठिकाणी जाताना काही पथ्ये कसोशीने पाळावीत. सर्दी, खोकला, ताप, जुलाब, डोळे येणे यांपैकी काहीही असेल तर त्या दिवशी जाऊ नये; तुमच्या मुलाची दोन दिवसांची सर्दी तिथल्या ऐंशी वर्षांच्या माणसाला न्यूमोनियापर्यंत नेऊ शकते. पोहोचल्यावर आणि निघताना साबणाने हात धुवावेत. परवानगीशिवाय कोणालाही काही भरवू नये. काहींना गिळण्याचा त्रास असतो. मधुमेही व्यक्तीची नखे कापताना कातडीला इजा होऊ देऊ नये, आणि पायावर जखम असेल तर नखांना हात न लावता परिचारिकेला सांगावे. छायाचित्रे काढू नयेत. तो त्यांचा दिवाणखाना आहे, आपले प्रदर्शन नव्हे.

देणाऱ्याला काय मिळते?

या प्रश्नाकडे पूर्वी मी केवळ नीतीच्या दृष्टीने पाहत असे. आता वैद्यकाकडेही थोडी उत्तरे आहेत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका कॅनेडियन अभ्यासात दहावीच्या १०६ विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले गेले. एका गटाने आठवड्यातून एकदा, दहा आठवडे, लहान मुलांना शिकवण्या-खेळवण्याचे स्वयंसेवी काम केले. दुसऱ्या गटाला ते काम नंतर मिळणार होते. दहा आठवड्यांनी पहिल्या गटाच्या रक्तातील कोलेस्टेरॉल आणि शरीरातील दाह दर्शवणारा एक घटक तुलनेने कमी आढळला. हा लहान अभ्यास आहे. त्यावरून समाजसेवा हे कोलेस्टेरॉलचे औषध आहे असे कोणी म्हणू नये. परंतु देण्याची क्रिया देणाऱ्याच्या शरीरापर्यंत पोहोचते, एवढे म्हणायला तो पुरेसा आहे. दुसरीकडे, एकटेपणा हा आरोग्याचा गंभीर प्रश्न मानून जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सामाजिक नात्यांसाठी स्वतंत्र आयोग नेमला.

घरातील प्रौढांना आणखी एक भेट देता येते, जी बाजारात मिळत नाही. अठरा ते पासष्ट वयाची, निदान ४५ किलो वजनाची आणि हिमोग्लोबिन १२.५ किंवा अधिक असलेली निरोगी व्यक्ती रक्तदान करू शकते. पुरुष दर तीन महिन्यांनी, स्त्रिया दर चार महिन्यांनी. रक्तातील प्लेटलेट पेशी अवघ्या पाच दिवस टिकतात. सुटीच्या दिवसांत दाते गावी गेले तरी रुग्णांची गरज सुटीवर जात नाही. आजींचा मुलगा आणि सून आता दर डिसेंबरात एकत्र जाऊन रक्तदान करतात, आणि मुले बाहेर बाकावर बसून बिस्किटाची वाट पाहतात.

आपल्या घरी

आजी आता शहात्तर वर्षांच्या आहेत. गेल्या तपासणीत त्यांचे एचबीए१सी ७.८ आले. तरुण रुग्णाच्या बाबतीत मी आणखी आग्रह धरला असता. परंतु या वयात, इतर व्याधी असताना, साखर अति खाली आणण्याचा धोका अधिक असतो आणि उद्दिष्ट थोडे सैल ठेवणे योग्य मानले जाते. वजन भरून आले आहे. झोप लागते. पायांच्या मुंग्या पूर्णपणे गेलेल्या नाहीत, आणि त्या जाणारही नाहीत. यंदा नजर अधू झाल्याने करंजीची मुरड त्यांना नीट दिसत नव्हती. ती नातीने घातली. आजींनी बोटाने चाचपून दोन करंज्या बाद केल्या.

आपल्या घरातही कोणी ज्येष्ठ व्यक्ती पथ्यावर असेल. त्यांना काय खाऊ द्यायचे नाही हे आपण डॉक्टरांना विचारतोच. त्याबरोबर त्यांना काय करू द्यायचे, हेही यंदा ठरवा. पदार्थ निम्मा करा, परंतु तो करण्याचा मान काढून घेऊ नका. ताट भरण्यापूर्वी ‘काय चालत नाही’ हा रकाना मुलांकडून लिहून घ्या. एखाद्या आश्रमात, अनाथालयात किंवा इस्पितळात जाणार असाल तर आधी विचारा आणि मग न्या. आणि नव्या वर्षाची दिनदर्शिका भिंतीवर लावाल तेव्हा पहिले काम हे करा : फेब्रुवारीतल्या एका रविवारभोवती पेनाने गोल काढा, त्यावर कोणाकडे जायचे ते लिहा, आणि घरातल्या सर्वांत लहान मुलाला त्या दिवसाची आठवण करून देण्याचे काम सोपवा.